कुठलं खेड?

मार्चच्या अखेरीस रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडहून एका आंबा बागायतदाराचा मेसेज आमच्याकडे आला. आंब्याचे पुठ्ठ्याचे बॉक्स, ६०० नग, ‘खेडला पाठवा, ५/४ पर्यंत पाहिजेत.’ मेसेज वाचायला माणूस नव्हता, एआय एजंट होता. त्याने ऑर्डर नोंदवली, बागायतदाराचे आभार मानले आणि माल पुणे जिल्ह्यातल्या खेडच्या, म्हणजे राजगुरुनगरच्या, यादीत टाकला. तारीख घातली ४ मे.

६ एप्रिलला बागायतदाराचा फोन आला. ‘साहेब, आंबा थांबणाराय का माझ्यासाठी?’

त्या एजंटच्या हातात दिलेलं टूल, म्हणजे ऑर्डर नोंदवण्यासाठी तो वापरतो तो कोड, मी लिहिलं होतं. त्याचं वर्णन एवढंच होतं: ‘ऑर्डर तयार करतं.’ भरायच्या जागा चार: माल, नग, ठिकाण, तारीख. लॉग उघडताना मी एजंटमागच्या भाषा मॉडेललाच दोषी धरलं होतं. पण एकेक पायरी वाचत गेल्यावर दिसलं की त्याने कुठलीही सूचना मोडली नव्हती. मोडायला सूचनाच नव्हती.

टूलच्या आतला कोड मॉडेलला दिसत नाही, ही गोष्ट प्रोग्रॅमर मंडळी हमखास विसरतात. त्याला दिसतं ते टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि कोणती माहिती कशा रूपात भरायची याचा आराखडा, म्हणजे स्कीमा. कोडमधल्या टिपा किंवा शेजारच्या टेबलावरचा अनुभव त्याच्यापर्यंत पोचत नाही. २०२३च्या जूनमध्ये ओपनएआयने फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलला टूल वापरू देण्याची सोय, आणली; २०२४च्या नोव्हेंबरमध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे टूल एजंटला जोडण्याची सामाईक पद्धत, खुला केला. तेव्हापासून तर एकाने लिहिलेलं टूल दुसऱ्याच कुणाच्या एजंटला जोडलं जातं. मधे समजावून सांगायला कुणी नसतं.

मोठ्या कंपन्यांनाही हे ठेच लागूनच कळलं. सॉफ्टवेअरमधल्या चुका दुरुस्त करणारा एजंट बांधताना मुख्य प्रॉम्प्टपेक्षा टूल्सवरच जास्त वेळ गेला, असं अँथ्रॉपिकने २०२४च्या डिसेंबरमध्ये लिहिलं. त्यांचं मॉडेल मूळ फोल्डरमधून बाहेर पडलं की फाइलचा अर्धवट पत्ता देऊन चुकायचं. त्यांनी टूलमध्ये पूर्ण पत्ता सक्तीचा केला आणि चूक थांबली. पुढे त्यांच्याच वेब सर्चमध्ये मॉडेल शोधशब्दांना विनाकारण ‘२०२५’ जोडू लागलं. तेही टूलचं वर्णन सुधारून आटोक्यात आणलं.

आमचं वर्णन नव्याने लिहायला बसण्याआधी मी गोदामात गेलो. डिस्पॅचच्या ताई तिथे अकरा वर्षं आहेत. बागायतदाराचा मेसेज वाचून दाखवला आणि ‘खेड’ हा शब्द तोंडातून निघतो न निघतो तोच त्यांनी विचारलं, ‘कुठलं खेड?’

हाच प्रश्न वर्णनात असायला हवा होता. आता तिथे असं लिहिलंय: ‘नवीन ऑर्डर नोंदवतं. माल, नग, सहा अंकी पिनकोड आणि तारीख ही चारही प्रकारची माहिती ग्राहकाकडून मिळाल्यावरच वापरा. गावाच्या नावावरून पिनकोड ठरवू नका; खेड, कर्जत, कळंब ही नावं एकाहून जास्त जिल्ह्यांत आहेत, ग्राहकाला विचारा. ग्राहक आधी दिवस, मग महिना लिहितात: ५/४ म्हणजे ५ एप्रिल. टूलमध्ये तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच भरा. जुन्या ऑर्डरमध्ये बदल करायचा असेल तर हे वापरू नका, त्यासाठी ‘ऑर्डर_बदल’ आहे.’

टूल केव्हा वापरायचं नाही, हे सांगणारं शेवटचं वाक्य बहुतेक वर्णनांतून गळतं. ते नसलं की बदल मागणाऱ्या ग्राहकाच्या नावावर दुसरी ऑर्डर पडते. ‘ठिकाण’ या मोघम नावाच्या जागी ‘पिनकोड’ आणि ‘तारीख’च्या जागी ‘पोच_तारीख’ केल्यानेही बराच फरक पडला. मात्र सगळा भार वर्णनावर टाकू नये. सहा अंक नसतील तर कोडनेच ऑर्डर अडवली पाहिजे, आणि अडवताना नुसतं ‘एरर ४००’ न म्हणता ‘पिनकोड सहा अंकी हवा, ग्राहकाला विचारा’ असं उत्तर दिलं पाहिजे. एजंट ते वाचतो आणि खरंच विचारतो.

नवं वर्णन वापरात आणण्याआधी जुने चाळीस मेसेज त्यावर चालवून पाहिले, त्यात बागायतदाराचाही होता. एजंटने उलट विचारलं, ‘खेड, रत्नागिरी की खेड, पुणे? पिनकोड कळवाल का?’

मग वर्णनाची छापील प्रत ताईंच्या हातात दिली. त्यांनी ती सावकाश वाचली आणि म्हणाल्या, ‘पावसाळ्यात वरंधा घाट बंद करतात, गाडी ताम्हिणीने फिरून जाते. ते कुठे लिहिलंय?’

नव्हतं लिहिलं. त्याच संध्याकाळी टूलच्या वर्णनात ‘पोच_तारीख’पाशी ती ओळ घातली.