गच्चीचा कठडा आणि गाडीचा ब्रेक

शास्त्रभाग : अनुवाद २२:८, निर्गम २१:२८-३४, नीतिसूत्रे २०:१४
पाठाचा विषय : जो दोष डोळ्यांना दिसत नाही, त्याची जबाबदारी कोणाची?

आपल्या पुष्कळ मंडळ्यांना एखाद्या लहान मालगाडीची गरज भासते. कापणीच्या सणाला आलेले धान्य, बाके, सतरंज्या, पेटी-तबला, प्रीतिभोजनाची मोठी पातेली हे सारे एका गावाहून दुसऱ्या गावी न्यावे लागते. दर वेळी भाड्याची गाडी परवडत नाही आणि नवा पिकअप घेण्याइतका पैसा वर्गणीतून उभा राहत नाही. म्हणून वापरलेली, स्वस्तातली गाडी घेण्याचा विचार पुढे येतो. यात गैर काही नाही. परंतु अशा खरेदीत जो प्रश्न उभा राहतो तो केवळ पैशाचा नसतो. तो शेजाऱ्याच्या जिवाचा असतो, म्हणून पवित्र शास्त्राच्या प्रकाशात त्याचा अभ्यास करणे उचित होईल.

१. स्वस्ताई आणि तिचा मोबदला

नीतिसूत्रांच्या लेखकाने बाजारातल्या गिऱ्हाइकाचे मोठे मार्मिक चित्र काढले आहे. दुकानात असेपर्यंत तो मालाला नावे ठेवतो आणि घराकडे वळला की आपल्या चातुर्याची फुशारकी मारतो. जुन्या गाडीच्या व्यवहारात मात्र विकणाराही तितकाच चतुर असतो. गिऱ्हाइकाची नजर जिथे जाते, तिथेच तो खर्च करतो. नवा रंग, नवी सीटकव्हरे, काळे कुळकुळीत केलेले टायर, धुऊन पुसलेले इंजिन! ब्रेक हे चाकाच्या आत, लोखंडी ड्रमखाली असतात. तेथे कोणी डोकावत नाही.

गाडीची चाचणीही बहुधा रिकाम्या गाडीने, सपाट रस्त्यावर, सावकाश केली जाते. अशा वेळी निकामी होत आलेले ब्रेकसुद्धा चांगले वाटतात. वेग दुप्पट झाला की गाडी थांबवायला चौपट शक्ती जिरवावी लागते. वर भार चढला की त्यात आणखी भर पडते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. चालकाचा पाय पेडलवर पडेपर्यंत एवढे अंतर गेलेच. नंतर कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक तिला आणखी सुमारे २० मीटरांत उभी करतात. ब्रेकचे बळ निम्मे असेल तर या २० मीटरांचे ४० होतात. त्या वाढीव २० मीटरांत शाळेतून घरी निघालेले मूल असू शकते.

२. ड्रमच्या आत काय निघाले

आमच्या मंडळीसाठी असा एक पिकअप घेण्यात आला. किंमत बाजारभावापेक्षा पुष्कळच कमी होती. दहा दिवसांनी बाके व भांडी घेऊन बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यातल्या एका मंडळीच्या सभेला उतरायचे ठरले होते. भार भरण्याआधी चारही चाके खोलून पाहावीत, असे आम्ही ठरवले व गाडी मिस्त्रीकडे नेली.

पेडल पहिल्या दाबाला निम्म्याहून अधिक खाली जाई आणि लागोपाठ दुसऱ्यांदा दाबले की वर येई. मिस्त्रींनी तेवढ्यावरूनच मान हलवली. मागचे ड्रम उतरल्यावर कारण दिसले. लायनर झिजून रिबिटांपर्यंत आले होते आणि रिबिटांच्या डोक्यांनी ड्रमला खोल चरे पाडले होते. एका चाकाचा सिलिंडर पाझरत होता व त्या बाजूचे लायनर ब्रेक ऑइलने भिजले होते. तेलकट लायनर ड्रमला धरत नाही, घसरतो. हॅण्डब्रेकची केबल गंजून जागीच अडकली होती. मागच्या एक्सलजवळ, गाडीतला भार ओळखून मागच्या ब्रेकांचा दाब कमीजास्त करणारा एक व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी तारेने बांधून टाकलेली होती. बॉनेटखालची ब्रेक ऑइलची डबी मात्र काठोकाठ भरलेली! आतले तेल कोऱ्या चहासारखे काळपट होते.

मिस्त्री म्हणाले, “साहेब, ही एका दिवसाची खराबी नव्हे. दोन-तीन वर्षं कुणी आत हात घातलेला नाही. डबी तेवढी भरत आलेत.”

या एका वाक्यात आपल्या पाठाचे मर्म आहे. डबीतले तेल कमी होणे ही खूण असते. लायनर झिजल्याची, नाहीतर कोठेतरी गळत असल्याची ती सूचना असते. कारण न शोधता डबी भरत राहणे म्हणजे सूचना पुसून टाकणे होय.

३. पायाचा दाब चाकापर्यंत कसा जातो

शिक्षकांनी हा भाग वर्गात समजावून द्यावा. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम फ्रान्सचे ब्लेझ पास्कल (१६२३-१६६२) यांनी मांडला. धर्मविषयक चिंतनासाठीही ते ख्रिस्ती जगाला ठाऊक आहेत. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले तेल नळ्यांतून चारही चाकांकडे ढकलले जाते व तेथील लायनर ड्रमवर किंवा डिस्कवर दाबले जातात.

द्रव दाबून लहान होत नाही, हवा होते. म्हणून नळीत हवेचा बुडबुडा शिरला की पेडल स्पंजासारखे लागते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि खरा धोका इथे आहे. डॉट ३ जातीचे ताजे तेल निदान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या तेलासाठी हीच किमान मर्यादा १४० अंश धरलेली आहे. लांब घाटात सतत ब्रेक दाबून धरला की चाके तापतात, ओलसर तेलाला उकळी फुटते, नळीत वाफ होते आणि पेडल सरळ तळाला जाते. म्हणूनच हे तेल साधारण दोन वर्षांनी बदलावे असे सांगतात.

वर्गासाठी एक सोपा प्रयोग : सुई नसलेल्या दोन इंजेक्शनच्या पिचकाऱ्या एका बारीक नळीने जोडाव्यात व आत पाणी भरावे. एक दट्ट्या दाबला की दुसरा लगेच सरकतो. मग नळीत थोडी हवा शिरू द्यावी व पुन्हा दाबावे. हाताला जो फरक जाणवेल तो मुले विसरणार नाहीत.

४. नियमशास्त्र काय सांगते

निर्गमाच्या २१ व्या अध्यायात मारक्या बैलाविषयी दोन निरनिराळे निर्णय आहेत. बैलाने अचानक कोणाला मारले तर धनी निर्दोष ठरतो. परंतु बैल मारका आहे हे धन्याला सांगितलेले असूनही त्याने त्याला बांधून ठेवले नाही, तर तोच दोषी ठरतो. पुढच्याच वचनांत खड्डा उघडा टाकणाऱ्यावर भरपाईचा भार ठेवला आहे. म्हणजे धोका कळला की त्याबरोबर जबाबदारी येते.

अनुवादाचे वचन याच्या पुढे जाते. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा, नाहीतर कोणी पडल्यास रक्ताचा दोष त्या घरावर येईल. त्या देशात गच्चीवर माणसांचा वावर असे. येथे कोणी पडलेले नाही, कोणी येऊन सांगितलेलेही नाही. तरी घरधन्याने आधीच विचार करावा, अशी अपेक्षा आहे. “मला ठाऊक नव्हते” हे उत्तर येथे पुरत नाही. ठाऊक करून घेणे हेच कर्तव्य होय.

आपल्या देशाच्या कायद्यातही हीच दृष्टी आहे, हे पाहून वाचकांना नवल वाटेल. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या १९० व्या कलमानुसार गाडीतला जो धोकादायक दोष माणसाला ठाऊक आहे, किंवा साधारण काळजी घेतली असती तर ठाऊक झाला असता, अशा दोषासह गाडी रस्त्यावर चालवणारा आणि चालवू देणारा, दोघेही दोषी ठरतात. “चालवू देणारा” या शब्दांत मंडळीचे पंचही आले. गाडीचे पासिंग झालेले आहे एवढ्याने सुटका होत नाही. तो दाखला तपासणीच्या दिवसापुरते सांगतो.

५. आता पुढे काय?

आमच्या पंचांच्या सभेत यावर बराच वेळ वाद झाला. विकणारा गाडी परत घेईना. एका भावाचे म्हणणे पडले की, आपल्याला कोणी सांगितले नाही, तर आपणही न सांगता आहे त्याच भावाने दुसऱ्याला विकावी. मंडळीचा पैसा विधवांच्या दोन-दोन रुपयांतून आला आहे, तो बुडता कामा नये. हे म्हणणे दुष्टपणाचे नव्हते. मंडळीच्या पैशाची कळकळ त्यामागे होती आणि सभेत पुष्कळांना ते पटलेही.

तेव्हा एक वडील आजोबा इतकेच म्हणाले, “बाळांनो, बैल मारका आहे हे काल आपल्याला ठाऊक नव्हतं. आज आहे.” त्यानंतर त्या मताला कोणी दुजोरा दिला नाही.

ब्रेक दुरुस्त करण्याचे ठरले. लायनर, सिलिंडर, केबल नवी घातली. ड्रम चरे घालवण्यापलीकडे गेले होते म्हणून तेही बदलले. व्हॉल्व्हची तार काढून तो नीट बसवला. सारे तेल काढून नवे भरले. खर्च गाडीच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाहून कमी आला, पण सभागृहाच्या रंगाकरिता ठेवलेले पैसे त्यात गेले. गोव्याच्या सभेला भाड्याची गाडी करावी लागली. काही मंडळी नाराज झाली व अजून आहेत. कठड्याला खर्च येतो आणि त्याचा उपयोग झालेला कोणाला दिसत नाही, कारण जो पडला नाही त्याची बातमी होत नाही.

शेवटी एक वही घालण्यात आली. काय निघाले, काय बदलले, कोणत्या तारखेला, हे तीत लिहिलेले आहे. पुढे गाडी विकायची झाल्यास ती वही नव्या मालकाच्या हाती द्यावी, असा ठराव आहे.

६. मंडळ्यांसाठी सूचना

(अ) जुनी गाडी ठरवताना किमतीबरोबर ब्रेकच्या तपासणीचा व दुरुस्तीचा पैसाही बाजूला काढावा. तपासणारा मिस्त्री विकणाऱ्याचा नसावा.

(आ) इंजिन चालू ठेवून पेडल जोराने दाबून धरावे. ते हळूहळू खाली बसत गेले तर मास्टर सिलिंडर आतून गळत असण्याचा संभव असतो. ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढत असेल तर त्या दोन चाकांत फरक आहे.

(इ) डबीत ब्रेक ऑइलच भरावे. इंजिन ऑइल चुकूनही पडू देऊ नये. त्याने आतली रबरे फुगून निकामी होतात.

(ई) ड्रममधली धूळ तोंडाने वा हवेने फुंकू नये. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते.

(उ) चोर्ला किंवा आंबोली घाट, अशा उतारांवर आधीच खालचा गिअर घालावा. डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नये. इंजिन बंद पडले की दोन-तीन दाबांनंतर बूस्टरची मदत संपते आणि पेडल दगडासारखे घट्ट होते.

(ऊ) मालाच्या गाडीत मागे मुलांना बसवून सहलीला नेऊ नये. ब्रेक कितीही चांगले असोत, ती जागा माणसांसाठी नाही आणि कायद्यालाही ते मान्य नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. मारका बैल आणि कठडा या दोन नियमांत काय फरक आहे? आपल्या घरात “कठडा” नसलेल्या कोणत्या जागा आहेत? (गॅसची नळी, विहीर, विजेची तार यांचा विचार करावा.)
२. डबी भरत राहणे आणि गळती शोधणे, यांतले आपण आपल्या मंडळीच्या कामात कोणते करतो?
३. विकणाऱ्याने आपल्याला फसवले असता, पुढच्या खरेदीदाराला खरे सांगून होणारे नुकसान कोणी सोसावे? ज्याने फसवले तो हाती लागत नसेल तर?
४. मंडळीच्या गाडीची वही कोणाकडे असावी, व ती वर्षातून किती वेळा पंचांपुढे वाचली जावी?