हौसेचा डबा

(द्वितीय वर्ष, कला)

अर्थशास्त्राच्या तासाला ‘अंदाजपत्रक’ हा शब्द निघाला की मला दिल्लीचे अर्थमंत्री आठवत नाहीत, आमच्या घरची शंभर पानी वही आठवते. ती मी अकरावीत असताना सुरू केली. घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच; त्यामुळे हिशेब आपल्यालाच कळतो, अशी माझी समजूत होती.

बाबा कॅम्प ४ मधल्या एका कारखान्यात नगावर पँटी शिवतात. मजुरी शनिवारी मिळते. माझ्या पहिल्या अंदाजपत्रकात भाडे, किराणा, वीज, गॅस सारे होते. रविवारचे दाल-पकवान मी खोडले होते. तीन रविवार निभावले. चौथ्या रविवारी धाकट्याने घर डोक्यावर घेतले आणि बाबांनी उधारीवर सगळ्यांसाठी दाल-पकवान आणले, वर जिलेबीही. वाचवले होते त्याहून अधिक गेले.

आई म्हणाली, “हौस खोडून भागत नाही गं. तिला वेगळा डबा दे.” तेव्हापासून शनिवारी पहिले शंभर रुपये त्या डब्यात पडतात. तो संपला की पुढच्या शनिवारपर्यंत कोणी मागत नाही. खरे तर खर्च पूर्वीइतकाच आहे. पण पूर्वी दर वेळी मागावे लागे आणि दर वेळी ‘नाही’ ऐकावे लागे. मला वाटते, गरिबी बोचते ती तिथे.

‘उत्पन्नाचा अमुक भाग शिल्लक टाका’ हा उपदेश आम्हाला लागू पडत नाही. उत्पन्न जितके कमी तितका त्यातला अन्नाचा वाटा मोठा, हे एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच दाखवले. २०२२-२३ च्या सरकारी पाहणीत शहरी कुटुंबांच्या खर्चात अन्नाचा वाटा सुमारे ३९ टक्के निघाला. काम मंदावलेल्या आठवड्यात आमचा साठाच्या पुढे जातो. कापायचे ते काय?

पण पैसा कधी हाती असतो, यालाही महत्त्व आहे. दादा विठ्ठलवाडीहून दादरला कामाला जातो. लोकलच्या तिमाही पासाला मासिक पासाच्या तिप्पट नव्हे, २.७ पट पैसे पडतात. म्हणजे काहीही न सोडता दहावा हिस्सा वाचतो. मात्र रक्कम एकदम हवी. ती आम्हाला भिशीने दिली. शेजारच्या सिंधी काकू तिला ‘बीसी’ म्हणतात. बारा जणी, महिना पाचशे. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो, आणि जिचा नंबर तिला सहा हजार. व्याज नाही, कागदही नाही. आधी उचलून एखादीने पुढचे हप्ते बुडवले तर बाकीच्यांनी सोसायचे. म्हणून गल्लीबाहेरची बाई घेत नाहीत.

यंदा आमचा नंबर जूनमध्ये आहे. त्यातून माझी तृतीय वर्षाची फी भरायची, असे वहीत लिहिले आहे. मागच्या आठवड्यात काकूंनी नंबर बदलून मागितला. त्यांचा सप्टेंबरचा आहे आणि घरात ऑपरेशन निघाले आहे. आई “सांगते” म्हणाली आणि वही माझ्यापुढे सरकवली. तीन महिने फी कशी निभवावी, याची मांडणी मी रोज रात्री करते आहे. हौसेचा डबा मात्र आईने त्यात धरू दिलेला नाही.