सुट्टीच्या दुपारी मोजलेला वेग

क्लस्टरवरच्या, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक यंत्रांवरच्या, पेपरचा सारांश लिहिताना सगळ्यात आधी गळते ती अट, आणि मागे उरतो नुसता आकडा. हे किती महागात पडतं ते मी नोकरीत जवळून पाहिलं आहे. पूर्वीच्या एका कंपनीत बैठकीत एका पानाचा सारांश फिरला : अमुक प्रणाली तमुकपेक्षा कितीतरी पट वेगवान. मूळ पेपर कोणी उघडला नाही. त्या भरवशावर यंत्रं भाड्याने घेतली, सगळं काम त्यांच्यावर हलवलं, आणि शेवटी कळलं की आमचा डेटा एका बऱ्यापैकी सर्व्हरच्या मेमरीत आरामात मावत होता. चाचणी केवढ्या डेटावर झाली, ही एक ओळ त्या सारांशात असती तर सगळ्यांची मेहनत वाचली असती.

म्हणून अ‍ॅमस्टेलव्हीनमधल्या उइलेनस्टेडे वसाहतीत राहणारी आपल्याकडची शिकणारी मुलं पेपरच्या परीक्षणाचा मसुदा घेऊन घरी आली, की मी आधी त्यातले आकडे शोधते. गूगलच्या डीन आणि घेमावत यांचा, काम अनेक यंत्रांत वाटणाऱ्या मॅपरिड्यूस प्रणालीवरचा २००४ चा पेपर त्या मसुद्यांत हमखास असतो. सुमारे १,८०० यंत्रांच्या क्लस्टरवर टेराबाइटभर नोंदी ८९१ सेकंदांत क्रमाने लावल्या, हे प्रत्येकाने लिहिलेलं असतं. चाचण्या सुट्टीच्या दिवशी दुपारी, प्रोसेसर, डिस्क आणि नेटवर्क बहुतांशी मोकळं असताना झाल्या, हे लेखकांनी स्वतःच त्याच भागात नोंदवलं आहे. ते मात्र कोणी उतरवून घेत नाही.

“पण ताई, गूगलच्या पेपरात मी काय चुका काढणार?” असं एकाने विचारलं. चुका काढायच्याच नाहीत. आकड्यांना प्रश्न विचारायचा. या पेपरातली खरी हुशारी अशी : काम संपत आलं की रेंगाळणाऱ्या यंत्राकडचा तुकडा दुसऱ्या यंत्रालाही द्यायचा आणि ज्याचं आधी होईल त्याचं घ्यायचं. ही सोय बंद केल्यावर तीच चाचणी १,२८३ सेकंदांवर गेली, म्हणजे ४४ टक्के जास्त. आता ती मोकळी दुपार आठवा. क्लस्टर गच्च भरलेला असता तर रेंगाळणारी यंत्रं वाढली असती, म्हणजे या सोयीची गरजही वाढली असती. पण दुसरी प्रत चालवायला रिकामं यंत्र मिळालं असतं का? इथे सारांश संपतो आणि परीक्षण सुरू होतं.

दुसरा प्रश्न तुलनेचा. मॅकशेरी, आयसर्ड आणि मरे यांनी २०१५ मध्ये दाखवलं, की ट्विटरच्या आलेखावर पेजरँक या गणनेच्या २० फेऱ्यांना स्पार्क या क्लस्टर-प्रणालीला १२८ कोअर घेऊन ८५७ सेकंद लागतात, आणि लॅपटॉपवर एकाच धाग्यात (थ्रेडमध्ये) चालणाऱ्या, नीट लिहिलेल्या प्रोग्रॅमला ३००. तेवढेच कोअर घेऊन ग्राफलॅब ही दुसरी क्लस्टर-प्रणाली २४९ मध्ये काम संपवते, हेही त्यांच्याच पेपरातल्या तक्त्यात आहे, तेव्हा क्लस्टर निरुपयोगी असा अर्थ काढू नये. पण १२८ कोअर लावून एका धाग्यावर एवढीशीच आघाडी मिळत असेल, तर ते परीक्षणात लिहायलाच हवं. नवी प्रणाली जुन्या क्लस्टर-प्रणालीपेक्षा वेगवान आहे एवढ्यावर मी तरी समाधान मानत नाही.

माझी पद्धत उलटी आहे. प्रस्तावना बाजूला ठेवून आधी प्रयोगांचा भाग वाचते. यंत्रं कोणती, डेटा केवढा, तुलना कोणाशी आणि त्या प्रतिस्पर्ध्याची मांडणी कोणी केली, हे कागदावर उतरवते. मग दावे वाचते. प्रत्येक दाव्याखाली त्याची अट लिहिता आली नाही तर तो सारांशात घेत नाही.

आणि जमेल तेव्हा स्वतः मोजावं. उइलेनस्टेडेपासून जवळच्या व्रेये युनिव्हर्सिटाइटमधल्या हेन्री बाल यांच्या पुढाकाराने १९९७ पासून डास हे क्लस्टरांचं जाळं मुद्दाम प्रयोगांसाठी पिढ्यान्‌पिढ्या उभं केलं गेलं आहे. मार्गदर्शकांनी खातं मिळवून दिलं, तर पेपरातला प्रयोग आधी एकाच नोडवर लावा. दिवसा तिथे एका कामाला १५ मिनिटांची मर्यादा असते. तेवढ्यात बसेल इतका डेटा घ्या, आणि त्याचा आकार परीक्षणाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा.