गोल चेहऱ्याला ठुशी शोभेल का?

प्रश्न : माझा चेहरा गोल, मान आखूड. बहिणीच्या लग्नात पैठणीवर आजीची ठुशी आणि मोत्याच्या कुड्या घालायच्या आहेत. चेहरा जास्तच भरलेला दिसेल का? – एक वाचक, शेवगाव

उत्तर : ठुशी अवश्य घाला, फक्त गळ्याला घट्ट आवळू नका. मागचा दोरा सैल सोडून ती गळ्याच्या खळीपर्यंत उतरू द्या. आखूड मानेवरची आडवी रेघ मान आणखी तोकडी दाखवते, म्हणून चिंचपेटी टाळाच. ठुशीखाली लांब मोहनमाळ घातलीत की नजर सरळ खाली उतरते.

सात मोत्यांची कुडी मुळातच गोल. ती लहान निवडा आणि जोडीला मोत्यांचे वेल घ्या. कानामागून वर केसांत खोचलेला वेल चेहऱ्याला छान उभारी देतो. गालाशी टेकणारे घेरदार झुमके नकोत. नथ नाजूकच हवी.

ब्लाउजचा गळा मात्र खोल शिवून घ्या. बंद गळ्यावर हे सारे वाया जाते.

मोहनमाळ नवी घेणार असाल तर २२ कॅरेटचा ९१६ शिक्का आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक तपासा. १ एप्रिल २०२३पासून हॉलमार्कच्या दागिन्यांवर तो बंधनकारक आहे.