तीन हंसराज

मृगाच्या सरी पडून पंधरवडा लोटला, की सह्याद्रीच्या कपारींतून, घाटरस्त्याच्या दरडींवर आणि जुन्या तटबंदीच्या चिऱ्यांमधून नेच्यांची हिरवी झालर लोंबू लागते. त्यांत काळ्या, चकचकीत देठाचा एखादा नाजूक नेचा दिसला, की गावातील पोरसुद्धा ‘हंसराज’ म्हणून त्याच्याकडे बोट दाखविते. नाव मोठे गोड आहे. पण ते एकाच वनस्पतीचे नव्हे. त्या एका पांघरुणाखाली निदान तीन भावंडे दडलेली आहेत.

फुलझाडे ओळखणे त्या मानाने सोपे. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयस याने 1753 साली आपला प्रसिद्ध ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा त्याने वनस्पतींचे वर्ग पाडले ते मुख्यतः फुलांतील केसर मोजून. नेच्याला मात्र फूल नाही आणि बीही नाही. तो वाढतो बीजाणूंपासून, आणि हे धुळीसारखे बारीक बीजाणू तयार होतात पानाच्या पाठीवर. म्हणून नेच्याची ओळख पटवावयाची, तर पान उलटून पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

हंसराजाचे पान उलटले, की प्रत्येक पर्णिकेची कड जागोजागी आत मुडपलेली दिसते. त्या मुडपीच्या आतल्या अंगाला बीजाणूंच्या तपकिरी पिशव्या चिकटलेल्या असतात. पानावर पाणी शिंपडले, तर ते पानाला न भिजविता ओघळून जाते. ‘न भिजणारा’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच या प्रजातीला ॲडिॲंटम हे नाव मिळाले. येथवर तिन्ही भावंडे सारखीच. खरा पेच यापुढे पडतो.

दरडींवर सर्वांत अधिक आढळतो तो ॲडिॲंटम फिलिपेन्स. त्याच्या लांब कण्याच्या दोन्ही बाजूंस बारीक देठांवर पर्णिका बसविलेल्या असतात. पर्णिका अर्ध्या चंद्रासारखी किंवा घोड्याच्या खुरासारखी असते. घोडखुरी हे त्याचे दुसरे मराठी नाव या आकाराला शोभतेही. पानाचा शेंडा पुष्कळदा शेपटीसारखा लांबतो, जमिनीला टेकतो आणि तेथे मूळ धरून नवे रोप उभे करतो. जणू हा नेचा पावले टाकीत चालतो!

पण चालणारा तो सगळा फिलिपेन्सच, असे म्हणणारा फसतो. ॲडिॲंटम इन्सायझम याचाही शेंडा असाच रुजतो, आणि त्याच्याही पर्णिका कण्याच्या दोन बाजूंस एकेरी ओळीने असतात. भेद पाहावयाचा तो बोटांनी. फिलिपेन्सचे पान गुळगुळीत, तर इन्सायझमच्या कण्यावर आणि पर्णिकांवर बारीक लव असते. बोटांस शंका राहिली, तर भिंग घ्यावे. शिवाय त्याच्या पर्णिकांना देठ जवळजवळ नसतो, आणि त्यांची वरची कड कातरल्यासारखी असते.

तिसरा ॲडिॲंटम कॅपिलस-व्हेनेरिस. पाणी झिरपणारे खडक आणि चुन्याने बांधलेल्या विहिरींचे ओले सांधे ही त्याची आवडती घरे. याचा कणा एकेरी राहत नाही. त्याला फांद्या फुटतात, फांद्यांना उपफांद्या, आणि त्यांवर लहान पंख्यांसारख्या पर्णिका थरथरतात. त्याचा शेंडा रुजत नाही.

हा भेद केवळ हौसेचा नाही. आयुर्वेदातील हंसपदी म्हणून पहिल्या नेच्याचा उपयोग करतात, तर युनानी वैद्यकातील परसियावशाँ हा तिसरा. वाळलेल्या जुडीतील पर्णिका चुरून गळतात आणि हाती उरतात नुसत्या काळ्या काड्या. मग एकाच्या जागी दुसरा जावयास कितीसा वेळ? तरीही काडी बोलते: तिला फांद्या असतील, तर ती तिसऱ्याची, एकेरी आणि लवदार असेल, तर दुसऱ्याची.

अभ्यासकांनाही ही भावंडे सहज वश झाली नाहीत. इन्सायझमचे वर्णन पीटर फोर्सकोलच्या 1775 साली निघालेल्या ग्रंथात आहे. तो ग्रंथ छापला गेला, तेव्हा फोर्सकोलला येमेनमध्ये मरण येऊन बारा वर्षे झाली होती. पुढे भारतातील या नेच्याला दीर्घकाळ कॉडॅटम या जवळच्याच जातीचे नाव दिले जात असे. आयरीन मँटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशींतील गुणसूत्रे मोजली, तेव्हा या लवदार नेच्यांचा गुंता पुष्कळसा उकलला.

अगदी कोवळ्या रोपाशी मात्र भिंगही हरते. त्याची पहिली पाने लहानशा पंख्यासारखी असतात आणि त्यांच्या पाठीवर बीजाणूही नसतात. असे रोप उपटू नये. ते कोणत्या चिऱ्याशी आहे, एवढे वहीत टिपून ठेवावे आणि श्रावण सरता सरता पुन्हा तेथे जाऊन पान उलटावे.