दाइम्यो झाला शिक्षणमंत्री

मी आज जपानमधल्या एका सरदाराची माहिती सांगणार आहे.

जपानमध्ये पूर्वी अडीचशेहून जास्त मोठे सरदार होते. त्यांना दाइम्यो म्हणत. प्रत्येकाचा मुलूख वेगळा, सैनिक वेगळे. मुलूख केवढा, हे तांदळाच्या मापानं सांगत. त्या मापाला कोकू म्हणत. एक कोकू म्हणजे सुमारे दीडशे किलो तांदूळ. एका माणसाला तो वर्षभर पुरतो, असं धरत.

शिकोकू बेटावर तोकुशिमा आहे. तिथलं नीळीचं पीक प्रसिद्ध होतं. हा मुलूख अडीच लाख कोकूंहून मोठा होता. तिथला शेवटचा दाइम्यो म्हणजे हाचिसुका मोचिआकी. त्याचा जन्म १८४६ चा. १८६८ साली वडील वारले आणि तो गादीवर बसला. त्याच साली शोगुनची सत्ता गेली आणि सम्राट मेइजी यांचं सरकार आलं.

१८६९ साली दाइम्योंनी आपापले मुलूख सम्राटांना परत केले. सरकारनं त्यांनाच तिथले कारभारी नेमलं. पण १८७१ मध्ये तेही पद काढलं आणि सगळ्यांना टोकियोत राहायला बोलावलं.

हे मी घरी वाचून दाखवलं, तर आजी म्हणाली, "मग त्यानं खाल्लं काय रं?" तर, १८६९ पासून मुलखाच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा दाइम्योच्या घराला ठेवला होता. म्हणजे तो काही गरीब झाला नाही. पण हुकूम करायचं काम गेलं.

मग मोचिआकीनं काय केलं? तो इंग्लंडला गेला आणि ऑक्सफर्डला शिकला. ज्याच्यापुढं लोक वाकत होते, तोच शिक्षकांपुढं बसला. मला हे फार आवडलं.

परत आल्यावर तो सरकारी नोकरीत शिरला. १८८२ साली फ्रान्समध्ये जपानचा वकील झाला. १८९० साली टोकियोचा गव्हर्नर, आणि १८९६ साली शिक्षणमंत्री. घराण्यामुळे त्याला मार्क्विस ही मोठी पदवीही मिळाली होती. म्हणजे जन्माचा मान सगळा गेला नव्हता. पण गादी मरेपर्यंत असते, मंत्रिपद तसं नाही. १८९७ मध्ये ते सुटलं. तो १९१८ साली वारला.

जपानमध्ये सगळ्या मुलांनी शाळेत जावं असा कायदा १८७२ मध्ये झाला होता. पण फी द्यावी लागे आणि शेतात हात कमी पडत. म्हणून काही ठिकाणी लोकांनी शाळाच जाळल्या. मोचिआकी मंत्री झाला तेव्हाही निम्म्याहून जास्त मुली घरीच होत्या. भावंडं सांभाळणाऱ्या मुलींसाठी काही ठिकाणी वेगळ्या शाळा काढल्या. पाठीवर बाळ बांधून त्या मुली शिकत. १९०० साली सरकारी प्राथमिक शाळांची फी बंद झाली. मग मुली भराभर वाढल्या.

दाइम्योचा मुलूख गेला, पण शिकलेलं कोणी परत मागितलं नाही. म्हणून आईवडिलांनो, सुगी आली तरी ताईला शाळेत पाठवा. बाळ घेऊन आली तरी चालेल.

– इयत्ता ४ थी