उशिरा सुरू झालेले एआरटी उपचार आणि प्रतिकारशक्तीची भरपाई

एचआयव्हीबाधित रुग्णांचे आप्त आमच्या कार्यालयात येतात तेव्हा एक प्रश्न ठरलेला असतो : "गोळ्या सुरू होऊन दोन महिने झाले, तरी माणूस उठून का बसत नाही?" आम्ही हिशेबातले, वैद्यकातले नव्हे; तथापि डॉक्टरांकडून जे समजून घेतले ते येथे मांडीत आहोत.

हा विषाणू रक्तातील सीडी-४ पेशींचा नाश करतो. निरोगी प्रौढाच्या एक घन मिलिमीटर रक्तात त्या साधारणतः ५०० ते १५०० असतात. त्या २०० च्या खाली उतरल्या की क्षयरोगासारखे संधिसाधू आजार बळावतात. शासनाने १ एप्रिल २००४ रोजी मोफत एआरटी सुरू केली, तेव्हा बहुतेकांना ही पातळी येईपर्यंत थांबावे लागे. २०१७ पासून निदान होताच औषध मिळते. तरीही कापसाची वेचणी उरकू द्या, लेकीचे लग्न होऊ द्या, असे म्हणत आणि त्याहून अधिक लोकलज्जेपोटी आर्णी परिसरातील रुग्ण उशिराच येतात.

औषध विषाणूची वाढ रोखते. पेशी निर्माण करीत नाही. आरंभीच्या आठवड्यांत दिसणारी वाढ मुख्यत्वे लसिका ग्रंथींत अडकलेल्या जुन्या पेशी रक्तात परतल्याने होते. नव्या पेशी छातीतील थायमस ग्रंथीत घडतात आणि ही ग्रंथी वयानुसार आक्रसते. पहिल्या वर्षात सरासरी १०० ते १५० पेशींची भर पडते. म्हणजे ४० वरून आरंभ करणारा रुग्ण वर्षाअखेरीसही २०० च्या आत असू शकतो. मुद्दल खाऊन बसलेल्या पेढीची स्थिती आम्हांस ठाऊक आहे, म्हणून हे गणित चटकन पटले.

यातही पहिले तीन महिने विशेष जोखमीचे. प्रतिकारशक्ती जागी होते आणि शरीरात दडलेल्या क्षयजंतूंवर तुटून पडते. ताप चढतो, मानेच्या गाठी सुजतात. एका कुटुंबाने हे पाहून स्वतःच गोळ्या बंद केल्या, आणि आमच्या नोंदवहीतही "औषध मानवले नाही" असाच शेरा पडला. तो शेरा चुकीचा होता. अशा वेळी डॉक्टर सूज उतरविण्याचे औषध देतात, क्षयाचा उपचार चालू ठेवतात; एआरटी सहसा थांबवीत नाहीत. हे टाळण्यासाठीच आधी क्षयाची तपासणी होते. क्षय आढळल्यास त्याची औषधे प्रथम सुरू करून मग एआरटी देतात.

एआरटीची औषधे शासन विनामूल्य देते. मग देणगी कशास लागते, असे काही विश्वस्तांनी विचारले. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील एआरटी केंद्रापर्यंतचे एस.टी.चे भाडे, सोबत्याची बुडालेली मजुरी आणि त्या तीन महिन्यांतला पोषक आहार यांसाठी. रुग्णांची नावे अहवालात छापलेली नाहीत. २०१७ च्या कायद्यानुसार संमतीशिवाय ती उघड करता येत नाहीत. देणगीदारांनीही ती विचारू नयेत, ही नम्र विनंती.